हिल्लेलांचा कागद: सातव्या वर्षी बुडणारं कर्ज आणि प्रोझबुल

शेजारी दारात उभा आहे. घरातले दाणे संपत आलेत आणि त्याला पन्नास नाणी उसनी हवी आहेत. माणूस ओळखीचा, शब्दाचा पक्का. अडचण एकच. धर्माचा कायदा सांगतो की दर सातव्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी सूर्य मावळला की थकलेलं कर्ज माफ. हे सातवं वर्ष चालू आहे. या वर्षी शेत पडीक ठेवायचं असतं, म्हणजे पेरणी नाही आणि घरात नवं धान्यही नाही. उसनवारीची गरज ऐन याच वर्षी सगळ्यात जास्त, आणि पैसे बुडण्याची भीतीही याच वर्षी सगळ्यात जास्त. असा पैसेवाला काय करतो? दार लावून घेतो.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जेरुसलेमच्या बाजारात हेच होत होतं. त्यावर एका माणसाने चार ओळींचा कागद सुचवला. तो कागद आजही लिहिला जातो. त्याचं नाव प्रोझबुल आणि त्या माणसाचं नाव हिल्लेल. ज्यू परंपरा त्यांना ‘हझाकेन’, म्हणजे ज्येष्ठ, म्हणते.

हिल्लेलांची ओळख बहुतेकांना एका वाक्यापुरती असते: ‘तुला जे नकोसं वाटतं, ते दुसऱ्याला करू नकोस.’ वाक्य मोठं आहे आणि ते पुढे येईलच. पण हिल्लेलांचं खरं मोठेपण त्यांच्या कामाच्या पद्धतीत आहे. एखादं कलम स्वतःच्याच हेतूच्या आड यायला लागलं, तर कलम न खोडता हेतू कसा वाचवायचा, हे त्यांनी व्यवहारात करून दाखवलं. म्हणून आधी कागद, मग वाक्य.

बाबिलोनहून आलेला मजूर

हिल्लेल मूळचे बाबिलोनचे. शिकण्यासाठी ते जेरुसलेमला आले. त्यांचा कामाचा काळ इसवी सनापूर्वीची शेवटची तीसेक वर्षं आणि इसवी सनाचं पहिलं दशक असा धरतात. तेव्हा जेरुसलेमचं दुसरं मंदिर उभं होतं आणि बराच काळ गादीवर हेरोद राजा होता (इ.स.पू. ३७ ते ४).

त्यांच्याविषयी आपल्याला जे कळतं ते मुख्यतः दोन ग्रंथांतून. एक मिश्ना, म्हणजे तोंडी चालत आलेल्या धर्मकायद्याचं संकलन, साधारण इ.स. २०० चं. दुसरा तलमूद, म्हणजे त्या मिश्नावर पुढची काही शतकं चाललेली चर्चा. थोडक्यात, हिल्लेलांच्या गोष्टी कागदावर यायला दोनशे ते पाचशे वर्षं गेली. त्यामुळे कायद्याची कलमं आणि मतभेद यांच्यावर जास्त भार टाकावा आणि चमत्कारिक तपशिलांकडे परंपरेची आठवण म्हणून पाहावं. ते १२० वर्षं जगले, त्यातली ४० बाबिलोनात, ४० शिकण्यात आणि ४० शिकवण्यात गेली, हा हिशेब मोशेच्या आयुष्याच्या साच्यावर बेतलेला आहे. ती जन्मपत्रिका नव्हे.

विद्यार्थिदशेची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हिल्लेल मजुरी करत आणि दिवसाला एक त्रपैक नावाचं छोटं नाणं कमावत. त्यातलं अर्धं विद्यागृहाच्या दरवानाला द्यायचं, अर्ध्यात घर चालवायचं. एका शुक्रवारी काम मिळालं नाही, दरवानाने आत सोडलं नाही. हिवाळा होता. हिल्लेल छतावर चढले आणि झरोक्याला कान लावून शेमाया आणि अव्तल्योन या गुरूंचं बोलणं ऐकत राहिले. रात्री बर्फ पडला. सकाळी आत उजेड का नाही म्हणून गुरूंनी वर पाहिलं, तर झरोक्यात माणसाची आकृती, अंगावर तीन हात बर्फ. तो शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचा दिवस. तरी त्यांनी हिल्लेलांना खाली उतरवलं, न्हाऊ घातलं, तेल चोळलं आणि शेकोटीपुढे बसवलं. ‘याच्यासाठी शब्बाथ मोडणं योग्यच,’ असं गुरू म्हणाले. पुढे नासी, म्हणजे विद्वत्सभेचे प्रमुख, झालेल्या माणसाबद्दल परंपरेने जपलेलं हे पहिलं चित्र आहे: प्रवेश फी नसल्याने बाहेर राहिलेला विद्यार्थी.

एका शनिवारचा पेच

ते प्रमुख कसे झाले, ती हकिगत त्यांची विचार करण्याची रीत दाखवते, म्हणून ती नीट पाहू.

ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या १४ तारखेला पेसाह सणाचं कोकरू मंदिरात कापायचं असतं. एका वर्षी १४ निसान शनिवारी आला. शनिवारी असलं काम वर्ज्य. मग बळी द्यायचा की नाही? त्या वेळी अधिकारावर असलेल्या बतेरा घराण्याच्या मंडळींना उत्तर आठवेना. कोणीतरी म्हणालं, शेमाया-अव्तल्योनांजवळ शिकलेला एक बाबिलोनी आहे, त्याला विचारा.

हिल्लेलांनी तर्क मांडले. त्यातले दोन आपल्याला ओळखीचे वाटतील.

पहिल्याचं नाव ‘कल वाहोमेर’, शब्दशः ‘हलकं आणि जड’. संस्कृत शास्त्रांत ज्याला कैमुतिक न्याय म्हणतात, तोच हा. उंदराने काठी खाल्ली, तर काठीला बांधलेले अनारसे त्याने खाल्ले हे वेगळं सांगायला नको, असा तो तर्क. हिल्लेल म्हणाले: मंदिरातला रोजचा बळी चुकला तर मोठी शिक्षा नाही, तरी तो शनिवारीही दिला जातो. पेसाहचा बळी मुद्दाम टाळला तर माणूस समाजापासून ‘तोडला जाईल’ अशी जबर शिक्षा आहे. मग तो शनिवारी द्यायलाच हवा, नाही का?

दुसऱ्याचं नाव ‘गझेरा शावा’, म्हणजे समान शब्दावरून समान नियम. बायबलमधल्या गणना या पुस्तकात दोन्ही बळींसाठी ‘त्याच्या नेमल्या वेळी’ हा एकच शब्द आला आहे. रोजच्या बळीच्या बाबतीत ‘नेमली वेळ’ शनिवारलाही लागू होते, तेव्हा पेसाहच्या बाबतीतही व्हावी.

इथे तलमूदच्या दोन आवृत्त्या वेगळं सांगतात. बाबिलोनी तलमूदप्रमाणे तर्क पटला आणि हिल्लेलांना लगेच गादीवर बसवलं. जेरुसलेमी तलमूदप्रमाणे हिल्लेल दिवसभर बोलत राहिले आणि समोरच्यांनी एकेक तर्क पाडला. रोजचा बळी ‘परम पवित्र’ वर्गातला, पेसाहचा त्याहून खालच्या वर्गातला, मग तो ‘जड’ कसा? आणि शब्दसाम्यावरचा तर्क तर कोणालाही स्वतःच्या मनाने काढताच येत नाही, तो गुरूकडूनच आलेला असावा लागतो. शेवटी हिल्लेल म्हणाले, ‘मी हे शेमाया आणि अव्तल्योनांकडून ऐकलंय.’ त्या क्षणी सगळे उठले आणि त्यांना प्रमुख नेमलं. मला ही दुसरी आवृत्ती जास्त शिकवणारी वाटते. तर्क कितीही धारदार असला तरी ऐकलेल्या परंपरेचा आधार नसेल तर ज्यू कायद्यात तो लंगडा पडतो, हे तिच्यात लख्ख दिसतं.

त्या दिवशी हिल्लेलांच्या हातूनही चूक झाली. मान मिळताच त्यांनी मंडळींना टोचलं: जवळ असलेल्या दोन थोर गुरूंची सेवा करायचा तुम्ही आळस केलात, म्हणून मला बाबिलोनहून यावं लागलं. लगेच पुढचा प्रश्न आला. कोणी सुरी शुक्रवारीच आणून ठेवायला विसरला तर? शनिवारी ती वाहून नेता येत नाही. हिल्लेलांना उत्तर आठवेना. गर्व केला म्हणून विद्या विसरले, असं तलमूद सरळ म्हणतं. ते म्हणाले, ‘लोकांवर सोपवा. ते संदेष्टे नसले तरी संदेष्ट्यांची लेकरं आहेत.’ दुसऱ्या दिवशी लोक आले. कोकरू आणणाऱ्याने सुरी त्याच्या लोकरीत खोचली होती, करडू आणणाऱ्याने शिंगांच्या मध्ये. ते पाहून हिल्लेलांना गुरूंचं उत्तर आठवलं, आणि ते हेच होतं.

अर्थ लावण्याचे असे सात नियम हिल्लेलांच्या नावावर आहेत. वरचे दोन सोडून उरलेल्यांत एका किंवा दोन वचनांवरून सर्वसाधारण नियम बांधणं, ‘सामान्य आणि विशेष’ यांचा संबंध लावणं, दुसऱ्या ठिकाणच्या तशाच वचनाची मदत घेणं आणि प्रकरणावरून अर्थ ठरवणं येतं. शेवटच्याचं उदाहरण गाजलेलं आहे. दहा आज्ञांमधली ‘चोरी करू नकोस’ ही आज्ञा खून आणि व्यभिचार या देहान्ताच्या गुन्ह्यांशेजारी आहे. म्हणून तिथे चोरी म्हणजे माणसाला पळवून नेणं. वस्तूंच्या चोरीची मनाई वेगळ्या ठिकाणी आहे. पुढे रब्बी इश्माएल यांनी या सातांचे तेरा केले. कैमुतिक न्यायाला एक लगामही आहे: निष्कर्ष मूळ दाखल्याच्या पुढे जाऊ शकत नाही. हलक्या चुकीला सात दिवसांची शिक्षा असेल तर जड चुकीलाही सातच मिळतात, चौदा नाहीत.

प्रोझबुल: कागद कसा चालतो

आता मुख्य विषयाकडे. अनुवाद या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एक, सातव्या वर्षी, म्हणजे शेमिताच्या वर्षी, धनकोने ऋणकोवरचा हक्क सोडायचा. दोन, ‘सातवं वर्ष जवळ आलं’ असा हीन विचार करून गरीब भावाला कर्ज नाकारायचं नाही. पहिली आज्ञा पाळायला लागली की दुसरी मोडण्याचा मोह होतो, हे मूळ वचनालाच ठाऊक होतं. हिल्लेलांनी पाहिलं की लोक दुसरी सर्रास मोडत आहेत. मिश्ना कारण तेवढंच देते: लोक एकमेकांना उसने देईनासे झाले, म्हणून हिल्लेलांनी प्रोझबुल सुरू केला.

फट कुठे सापडली, ते पाहण्यासारखं आहे. वचन म्हणतं, तुझ्या भावाकडे तुझं जे आहे ते ‘तुझ्या हाताने’ सोड. म्हणजे सोडायचं ते खाजगी धनकोने. पण कर्जरोखा न्यायपंचांच्या हवाली केला असेल, तर वसूल करणारा हात धनकोचा राहत नाही, पंचांचा होतो. रोखे पंचांकडे सोपवले तर कर्ज माफ होत नाही, हे मिश्नाच्या त्याच प्रकरणात स्वतंत्रपणे नोंदलेलं आहे. हिल्लेलांनी त्याला सोपं रूप दिलं: रोख्यांचा गठ्ठा उचलून न्यायची गरज नाही, एक घोषणा पुरे.

घोषणेचा मजकूर मिश्नाने दिला आहे. त्याचा आशय असा: ‘अमुक गावचे न्यायपंच अमुक आणि अमुक, मी तुमच्या हवाली करतो की माझं जे जे येणं आहे ते मी मला हवं तेव्हा वसूल करीन.’ खाली पंच किंवा साक्षीदार सही करतात. बस्स. व्याज नाही, रक्कम नाही, ऋणकोची सही नाही. ऋणकोला कळवायचीही गरज नाही.

नाव ग्रीक आहे, ‘सभेपुढे’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आलेलं. तलमूदने मात्र त्याची फोड ‘श्रीमंतांची आणि गरिबांची सोय’ अशी केली. व्युत्पत्ती म्हणून ती टिकणार नाही, पण कागदाचं काम तिने अचूक सांगितलं. श्रीमंताचे पैसे वाचतात आणि गरिबाला दार उघडं राहतं.

बारकावे मात्र काटेकोर आहेत, आणि चुका तिथेच होतात.

तारीख. प्रोझबुलवर खऱ्या दिवसाच्या आधीची तारीख घातली तर तो चालतो, नंतरची घातली तर बाद. कर्जरोख्याचं नेमकं उलटं: आधीची तारीख बाद, नंतरची चालते. पहिल्यांदा वाचताना हे गोंधळात टाकतं, पण कारण एकच आहे, कोणाचं नुकसान होतं ते. प्रोझबुल लिहिण्याच्या क्षणी जी कर्जं अस्तित्वात आहेत तेवढ्यांनाच तो लागू होतो. आधीची तारीख घातली तर धनकोचं संरक्षण आपोआप कमी होतं, दुसऱ्या कोणाचं काही जात नाही. नंतरची घातली तर मधल्या काळात दिलेली कर्जंही बेकायदा वाचतात. कर्जरोख्यात उलट होतं. रोख्यामुळे ऋणकोच्या जमिनीवर बोजा चढतो. आधीची तारीख घातली तर मधल्या काळात ती जमीन घेतलेल्या निरपराध खरेदीदाराला बोज्याचा फटका बसतो.

जमीन. ऋणकोकडे थोडी तरी जमीन असावी लागते. जमीन तारण ठरू शकते, म्हणून तिच्या जोरावर ते येणं जणू वसूल झाल्यासारखंच धरतात. ऋणको भूमिहीन असेल तर? धनकोनेच आपल्या शेतातला तुकडा त्याच्या नावे करायचा, कितीही लहान. तलमूदमध्ये कोबीच्या एका दांड्याएवढी जागा पुरते आणि बुडाला भोक असलेली कुंडीही चालते, कारण भोकातून मुळं मातीशी जोडलेली राहतात. हा बालिश खेळ वाटेल. पण ही अट नसती तर प्रोझबुल निव्वळ तोंडी मंत्र झाला असता. अट ठेवून ती सगळ्यांना पुरी करता येईल इतकी लहान केली, यात हिल्लेलांच्या परंपरेचा सगळा स्वभाव आहे.

संख्या. एका माणसाने पाच जणांकडून कर्ज घेतलं तर पाचही धनकोंना आपापला प्रोझबुल लिहावा लागतो. पाच जणांनी एकाकडून घेतलं तर त्या एकाचा एकच कागद पुरतो.

पंच. निदान तिघे हवेत. त्यांची योग्यता किती, यावर जुना वाद आहे. तलमूदमध्ये शमुएल नावाच्या पंडिताने फक्त बाबिलोनातल्या सुरा आणि नहार्दया इथल्या मोठ्या न्यायसभांनाच अधिकार दिला होता. पुढे अनेक समाजांत कोणतेही तीन जाणते पुरुष चालतात असं ठरलं.

काही कर्जांना या कागदाची गरजच नसते, हेही विसरलं जातं. दुकानातली उधारी आणि मजुराची मजुरी सातव्या वर्षी माफ होत नाही, जोवर ती रीतसर कर्जात बदललेली नाही. गहाण घेऊन दिलेलं कर्ज माफ होत नाही. ज्याची फेडीची मुदतच सातव्या वर्षानंतर आहे, तेही नाही.

आणि कागद केलाच नसेल, तरी ऋणकोने पैसे आणून दिले तर? धनकोने आधी म्हणायचं, ‘मी हक्क सोडला आहे.’ ऋणकोने म्हणायचं, ‘तरीही घ्या.’ मग घेता येतात. सातव्या वर्षानंतरही कर्ज फेडणाऱ्यावर ज्ञानी प्रसन्न असतात, असं मिश्ना सांगते. प्रोझबुल हरवला असं धनको म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा, असंही पुढे ठरलं. सोपा, कायदेशीर रस्ता समोर असताना माणूस मुद्दाम निषिद्ध मार्गाने का जाईल, हा त्यामागचा तर्क.

व्यवहारात हा प्रश्न किती जिवंत होता, याचा पुरावा ग्रंथांबाहेरही आहे. मृत समुद्राजवळ वादी मुरब्बाआतच्या गुहांत नीरो सम्राटाच्या दुसऱ्या वर्षाचा, म्हणजे इ.स. ५५-५६ चा, आरामाईक कर्जरोखा सापडला. त्यात ऋणको लिहून देतो की शेमिताचं वर्ष असलं तरी मी फेडीन. तो प्रोझबुल नव्हे, ऋणकोने स्वतःहून दिलेली हमी आहे. पण हिल्लेलांनंतर दोन पिढ्यांतच लोक शेमिताचा विचार करून रोखे लिहीत होते, हे त्यावरून कळतं.

ही पळवाट आहे का? हा प्रश्न तलमूदनेच विचारला. तोराने, म्हणजे मोशेच्या धर्मशास्त्राने, माफ केलेलं कर्ज हिल्लेल कसं वाचवू शकतात? एक उत्तर असं की दर पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ मालकाकडे परत जाण्याची व्यवस्था बंद पडल्यापासून शेमिता हा पंडितांनी चालू ठेवलेला नियम आहे, तेव्हा पंडित त्यात बदल करू शकतात. दुसरं असं की न्यायसभेला मालमत्तेचा हक्क एकाकडून काढून दुसऱ्याला द्यायचा अधिकार आहे. वर आलेले शमुएल मात्र चिडून म्हणाले की हा न्यायाधीशांचा उद्धटपणा आहे, माझ्या हाती असतं तर मी प्रोझबुल बंदच केला असता. त्यांचा आक्षेप पोकळ नाही. गरिबाला सात वर्षांनी कर्जमुक्त करणारी आज्ञा या कागदाने जवळपास निष्प्रभ केली, ही किंमत खरीच मोजली गेली. पण कर्जच न मिळालेल्या गरिबाला कर्जमाफीचा उपयोग शून्य. दोन आज्ञांपैकी आज उपाशी असलेल्याच्या बाजूची आज्ञा हिल्लेलांनी निवडली, आणि माझ्या मते ती निवड बरोबर होती.

यापुढचं शेमिता वर्ष ज्यू गणनेचं ५७८९, म्हणजे सप्टेंबर २०२८ ते सप्टेंबर २०२९. कर्जं माफ होतात ती वर्षाच्या शेवटी. त्यामुळे २०२९ च्या नववर्षाच्या आत पुन्हा तीन पंचांसमोर हीच चार ओळींची घोषणा होईल.

दार फोडून आत जा

हीच पद्धत आणखी एका नियमात दिसते. लेवीय या पुस्तकाप्रमाणे तटबंदीच्या शहरातलं घर विकलं तर विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत पैसे परत देऊन ते सोडवता येतं. वर्ष उलटलं की घर कायमचं घेणाऱ्याचं. मग घेणारे काय करायचे? बाराव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी गायब व्हायचे. विकणारा पैसे घेऊन दारोदार शोधतोय आणि घेणारा कुठेतरी लपलाय. हिल्लेलांनी ठरवलं: विकणाऱ्याने रक्कम मंदिराच्या कोठीत भरावी, घराचं दार फोडावं आणि आत राहायला जावं. दुसऱ्याला सवड होईल तेव्हा त्याने कोठीतून पैसे न्यावेत. कलम तसंच राहिलं, फक्त लपून बसण्याचा फायदा संपला.

यावरून हिल्लेल नेहमी सवलत देणारे होते असं समजणं ही सगळ्यात मोठी चूक. शेजारणीने शेजारणीला पावाची लादी उसनी द्यायची झाली तर आधी तिची किंमत पैशात ठरवा, असं ते म्हणत. कारण गहू महागला आणि परत केलेली लादी जास्त किमतीची निघाली तर ते व्याज झालं, आणि व्याज निषिद्ध. हे इतकं कडक होतं की इतर पंडितांनी मानलं नाही. त्यांनी अशा किरकोळ देवाणघेवाणीला मोकळीक दिली. गरिबाचं नुकसान कुठे होईल, याकडे हिल्लेलांचा डोळा होता. त्यासाठी एका ठिकाणी नियम सैल करावा लागला, दुसऱ्या ठिकाणी घट्ट.

जेवणाच्या पाटावर आणि दिव्यांच्या ओळीत

महाराष्ट्रातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या घरांत हिल्लेलांचं नाव दर वर्षी पेसाहच्या रात्री उच्चारलं जातं. त्या रात्रीची पोथी, हागादा, मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात छापली गेली. पोथीत एक टप्पा येतो: बेखमीर भाकर आणि कडू भाजी एकत्र करून खायची, ‘मंदिराची आठवण म्हणून, हिल्लेलांप्रमाणे’.

मंदिर उभं असताना हिल्लेल कोकराचं मांस, बेखमीर भाकर आणि कडू भाजी एकात गुंडाळून खात, कारण गणना ९:११ मध्ये तिन्ही ‘सोबत’ खा असं आहे. त्या काळची भाकर मऊ होती, गुंडाळता येत असे. आजची अनेक घरांतली मात्झा, म्हणजे हीच बेखमीर भाकर, कडक असते, म्हणून दोन तुकड्यांमध्ये भाजी ठेवतात. इ.स. ७० मध्ये मंदिर पडल्यापासून बळी नाही, त्यामुळे मांसही गेलं. प्रमाण प्रत्येकाचं निदान ऑलिव्हच्या फळाएवढं.

पण क्रम चुकवून चालत नाही. आधी भाकर वेगळी, मग कडू भाजी गोड लगद्यात बुडवून वेगळी, आणि त्यानंतर दोन्ही एकत्र. थेट एकत्र खाल्लं तर काय बिघडतं? मंदिर नसताना भाकर खाणं ही तोराची आज्ञा उरते, कडू भाजी मात्र पंडितांनी चालू ठेवलेली. कमी दर्जाच्या कर्तव्याची चव जास्त दर्जाच्या कर्तव्याची चव मारून टाकते. म्हणून आधी दोन्ही स्वतंत्रपणे पार पाडायची आणि मग हिल्लेलांची आठवण.

हनुक्का या आठ रात्रींच्या सणातल्या दिव्यांचा क्रमही त्यांच्या शिष्यपरंपरेचा आहे. हिल्लेलांचे समकालीन आणि वादातले प्रतिपक्षी शम्माय यांचं विद्यापीठ म्हणे, पहिल्या रात्री आठ दिवे लावा आणि रोज एक कमी करा. हिल्लेलांचं विद्यापीठ म्हणे, एकापासून सुरू करून आठापर्यंत चढा, कारण पवित्र गोष्टीत चढायचं असतं, उतरायचं नसतं. आठ रात्रींत दिवे दोन्हीकडून ३६ च होतात. बेने इस्राएल समाजाला कोकणात असताना हा सण ठाऊक नव्हता. बाहेरच्या ज्यूंशी संबंध वाढल्यावर तो आला, आणि आला तो हिल्लेलांच्या चढत्या क्रमानेच.

एका पायावर

आता ते वाक्य. एक परका माणूस शम्माय यांच्याकडे आला आणि म्हणाला, मी एका पायावर उभा आहे तेवढ्या वेळात सगळी तोरा शिकव, मग मी ज्यू होईन. शम्मायनी हातातल्या गवंड्याच्या गजाने त्याला हाकललं. तो हिल्लेलांकडे गेला. ते म्हणाले, ‘तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याला करू नकोस. हीच सगळी तोरा. बाकीचं स्पष्टीकरण आहे. जा, शिक.’ संस्कृत सुभाषितातलं ‘आत्मनः प्रतिकूलानि परेषां न समाचरेत्’ आठवल्याशिवाय राहत नाही. तेही ‘धर्माचं सर्वस्व ऐका’ असं म्हणूनच सुरू होतं.

उद्धृत करताना शेवटचे दोन शब्द बहुधा गळतात, आणि तिथेच वाक्य बिघडतं. ‘जा, शिक’ शिवाय ते उत्तर अर्धं आहे. कारण उसन्या लादीत व्याज कुठे लपतं आणि शेवटच्या दिवशी लपलेल्या खरेदीदाराचं काय करायचं, हे चांगल्या मनाने आपोआप कळत नाही.

आणखी एक गोंधळ टाळावा. ज्यू पंचांगाचं गणित ठरवून दिल्याचं श्रेय परंपरा ज्यांना देते ते हिल्लेल दुसरे, चौथ्या शतकातले. ते आपल्या हिल्लेलांच्याच वंशातले. नासीपद या घराण्यात इसवी सनाच्या पाचव्या शतकापर्यंत राहिलं आणि मिश्ना संकलित करणारे यहूदा हनासीही याच घराण्यातले.

दोन विणकर

स्वतः हिल्लेल आणि शम्माय यांच्यातले मतभेद थोडे. त्यांच्या शिष्यांच्या दोन विद्यापीठांतले मात्र शेकडो. तलमूद सांगतं की तीन वर्षांच्या एका वादानंतर आकाशवाणी झाली: दोन्ही बाजू जिवंत देवाचे शब्द आहेत, पण कायदा हिल्लेलांच्या बाजूने. का? कारण ते सौम्य होते, आपल्या मताबरोबर शम्मायच्या बाजूचं मतही शिकवत आणि शिकवताना ते आधी सांगत. विवाहाच्या नियमांवर टोकाचे मतभेद असूनही दोन्ही गटांनी आपसातली सोयरीक थांबवली नाही, हेही मिश्नाने आवर्जून नोंदलं आहे.

त्या मोजक्या मूळ मतभेदांतला एक धार्मिक शुद्धीच्या स्नानकुंडाचा, मिकव्याचा. कुंडात पावसाचं किंवा झऱ्याचं पाणी हवं, निदान ४० सआ, म्हणजे ९६० लोग. एक लोग म्हणजे सहा अंड्यांच्या आकारमानाएवढं. एवढं पाणी जमण्याआधी भांड्याने उपसलेलं पाणी किती पडलं तर कुंड बाद? हिल्लेल म्हणाले, एक हिन भरून, म्हणजे १२ लोग. ‘हिन’ हा तेव्हा रोजच्या वापरातला शब्द नव्हता, पण माणसाने गुरूच्याच शब्दांत बोलावं, असं मिश्ना त्याचं कारण देते. शम्माय म्हणाले, नऊ कब, म्हणजे ३६ लोग. वाद मिटेना. तेवढ्यात जेरुसलेमच्या उकिरडा दरवाज्याकडून दोन विणकर आले. त्यांनी साक्ष दिली की शेमाया आणि अव्तल्योन यांच्या नावाने त्यांनी तीन लोग ऐकलंय. सभेने हिल्लेल आणि शम्माय दोघांचंही मत बाजूला ठेवलं आणि विणकरांची साक्ष मानली.

मग नाकारलेली मतं मिश्नात ठेवली कशाला, असा प्रश्न पुढच्याच वचनात आहे. उत्तर असं की पुढच्या पिढ्यांना कळावं, जगाचे हे बापही आपल्याच म्हणण्यावर अडून बसले नाहीत. मिकव्याच्या कुंडाला आजही तीन लोगांचंच माप लावतात.